पट्ट्याच्या कणसाची साक्ष

सरकारनं मला आयुष्यभर पगार दिला तो दुसऱ्यांच्या शेतातली चांगली उभी झाडं उपटण्यासाठी. चेष्टा नाही करत. बियाणं तपासणीच्या कामावर मी म्हैसूर राज्य असताना लागलो, राज्याचं नाव कर्नाटक झालं तरी तेच करत राहिलो, आणि निवृत्तीच्या शेवटच्या आठवड्यातही भालकीकडच्या एका रानात कमरेत वाकून उपटतच होतो. माझी नातवंडं विचारतात, "आजोबा, तुम्ही शेतीखात्यात होता, मग काय पिकवलंत?" मी म्हणतो, काही नाही. मी फक्त उपटलं.

काम सोपं होतं. जे पीक पुढं पेरण्यासाठी राखायचं, त्यात एकाच जातीची झाडं हवीत. एखादं जास्त उंच गेलं, लवकर फुललं, त्याचं कणीस सैल निघालं किंवा दाण्याचा रंग वेगळा आला, की ते भेसळ झाड. दिसलं की उपटायचं. शेजारच्या रानात त्याच पिकाची दुसरी जात फार जवळ नको, कारण वाऱ्यावर पराग येतो आणि संकर होतो. भेसळ हाताबाहेर गेली असेल तर शेत नापास करायचं. नापास ज्वारीची भाकरी छान होते, पण ती बियाणं म्हणून कुणाला देता येत नाही.

ऐकायला सोपं, पण करायला गेलं की माणसं आडवी येतात. माझ्याच गावचे, राजेश्वरचे, एक काका होते. त्यांना सांगून आलो होतो, भेसळ झाडं काढून ठेवा, मी सोमवारी येतो. सोमवारी गेलो तर काका बांधावर छाती काढून उभे. "सायेब, खुजी खुजी सगळी उपटून टाकलो बघा! आता कसं पीक दिसायलंय!" भेसळ झाडं नेहमी उंच आणि देखणी असतात. काकांनी जात काढून टाकली होती आणि भेसळ राखली होती. मी शेत नापास केलं, त्यांनी मला ताक पाजलं, आणि पुढं वर्षभर गावात सांगत फिरले की पोरगं शिकलं पण पिकातलं त्याला कळत न्हाई. दुसऱ्या एकानं लाल दाण्याची झाडं जिथं होती नेमकं तिथंच बुजगावणं उभं केलं होतं, माझ्यासारखाच कोट घातलेलं. मी त्याला नमस्कार केला आणि त्याच्या मागची झाडं उपटली.

अशा फजितीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण संपादकांनी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी" म्हणून मागितलं तेव्हा माझ्यापुढं एकच गोष्ट उभी राहिली, आणि ती आठवली की आजही मला बसवत नाही, उठून येरझाऱ्या घालाव्या लागतात. ती आळंदच्या सिद्रामप्पांची.

आळंदहून कडगंचीच्या वाटेवर त्यांचं गाव. काळी भुसभुशीत जमीन, रब्बीला मालदांडी ज्वारी, खरिपाला तूर. सिद्रामप्पा बसवण्णांना मानणारे, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच सहजपणे बोलणारे. त्यांच्या वडिलांपासून त्या घराचा एक रिवाज होता. भोवतालच्या गावांतले लोक पेरणीच्या आधी टोपली घेऊन येत, आपल्या घरची खायची ज्वारी ओतून देत आणि त्या बदल्यात सिद्रामप्पांच्या घरचं बी नेत. कुणाच्या घरचं बी पेरलं हे आमच्याकडे सोयरिकीइतकं महत्त्वाचं. अमक्याच्या घरचं बी आहे म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. म्हणून खात्यानंही त्यांचं रान बियाण्यासाठी निवडलं होतं, आणि मी तिथं गेलो की मला उपटायला काही मिळत नसे.

चौऱ्याऐंशी साल असावं. कापणीच्या तोंडावर तपासणीला गेलो आणि रानाच्या मध्यभागी थबकलो. मोत्यासारख्या पांढऱ्या ज्वारीत एक कणीस, आणि त्याच्या दाण्यांवर तांबड्या रेघा! एखाद्या दाण्यावर केसासारखी बारीक, एखाद्यावर लुगड्याच्या काठासारखी जाड. पुढं आणखी एक. आणखी एक. मोजता मोजता मी मोजणंच सोडलं. शेत नापास होत होतं, त्यात शंकाच नव्हती.

सिद्रामप्पा माझ्या मागून चालत होते. त्यांनी कणीस हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"सायेब, काशिनाथच्या रानात बी असंच निघालंय. त्यानं माजंच बी पेरलंय." कणीस माझ्याकडं परत देत म्हणाले, "लोक बोलायलेत."

काशिनाथ म्हणजे शेजारच्या गावचा शेतकरी, तोंडानं तिखट, आवाज बाजारभर ऐकू जाणारा. त्यानं आळंदच्या बाजारात सांगून टाकलं होतं की सिद्रामप्पानं शेजारी लाल ज्वारी लावली, तिचा वारा पांढरीला लागला, आणि हे माहीत असून त्यानं लोकांना बी दिलं. ऐकणाऱ्यांनी त्यात आपापली भर घातली. त्या वर्षी सिद्रामप्पांनी बाजाराला जाणं बंद केलं. त्यांची आई, जिला सगळे अव्वा म्हणत, ती मला म्हणाली, "माज्या नवऱ्याचं नाव हाय ह्या बियावर. कामून असं झालं, तुमीच सांगा की." मी नापास केलं आणि सायकलीवर बसलो. पण ते कणीस मात्र पिशवीत घालून आणलं होतं.

घरी येऊन ते दिव्याजवळ धरलं आणि मी ओरडलो. बायको धावत आली. मी म्हणालो, अगं बघ, ही भेसळ नाहीच! त्या कणसाला एक लहान फांदी होती, तिच्यावरचे सगळे दाणे पूर्ण लाल. शेजारच्या फांद्यांवर रेघांचे. आणि पुष्कळसे अगदी पांढरे. तिन्ही एकाच कणसात! बायको म्हणाली, "छान दिसतंय," आणि आत गेली.

वाचकांना हे सांगायला हवं, नाहीतर तेही तिच्यासारखे आत जातील. ज्वारीच्या दाण्याची साल ही त्या झाडाची, म्हणजे आईची असते. आतला कोंब आई आणि बाप दोघांचा, पण साल निव्वळ आईची. त्यामुळं शेजारच्या लाल ज्वारीचा पराग वाऱ्यानं आला तरी त्या हंगामात सालीचा रंग बदलत नाही. आणि आदल्या वर्षी संकर झाला असता तर या वर्षी अख्खं झाडच दुसऱ्या रंगाचं आलं असतं. खळ्यात लाल बी मिसळलं असतं तरी तेच, काही झाडं लाल, काही पांढरी. पण एकाच झाडाच्या एकाच कणसात तीन रंग? एक आई, आणि तिच्या सालीला तीन रंग? याचा अर्थ झाड वाढत असतानाच त्याच्या आत काहीतरी बदलत होतं.

दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याच्या बसमध्ये बसलो. तिथल्या संशोधन केंद्रात सुमित्राबाई होत्या, धारवाडकडच्या, ज्वारीवर काम करणाऱ्या. बाई बोलायला कडक. मी कणीस टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, भिंग घेतलं, आणि एकेक फांदी फिरवून पाहिली. मग एकदम उभ्या राहिल्या.

"सूर्यवंशी, तुम्ही काय आणलंय ते तुम्हाला कळतंय का?"

"भेसळ नाही एवढं कळतंय, बाई."

"अहो, हे उड्या मारणारं आहे!"

त्या दिवशी मला दुपारचं जेवणही आठवलं नाही. बाईंनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली. पेशीत डीएनएचा धागा असतो, म्हणाल्या. त्यातले काही तुकडे म्हणजे जनुकं, प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी. पण ती थोडी. उरलेला मोठा हिस्सा प्रथिन बनवत नाही. परदेशातले शास्त्रज्ञ त्याला अडगळ म्हणतात. त्या अडगळीत असे तुकडे फार आहेत, जे धाग्यावरची एक जागा सोडून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. झाडासाठी ते काही बनवत नाहीत. बनवलंच तर स्वतःला उडी मारायला लागणारं अवजार तेवढं. एका बाईंनी मक्याच्या ठिपक्यांवरून हे फार पूर्वी ओळखलं होतं, लोकांनी त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि नुकताच त्यांना म्हातारपणी जगातला मोठा सन्मान मिळाला होता. हे सांगताना सुमित्राबाईंचा आवाज जरा वेगळा झाला.

"आता बघा," त्यांनी रेघेवर एक चौकोन काढला. "हे लाल रंगाचं जनुक. आणि हा तुकडा त्याच्या छातीवर येऊन बसलाय. जनुक बंद. साल पांढरी. आता साल वाढताना एखाद्या पेशीत हा तुकडा उठून निघून गेला, की जनुक सुटलं. त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पेशी लाल. उशिरा गेला तर बारीक रेघ. लवकर गेला तर जाड पट्टा. फारच लवकर गेला तर—"

"अख्खी फांदी लाल!" मी त्यांचं वाक्य पूर्ण केलं. खुर्ची मागं पडली. शिपाई दारातून डोकावून गेला.

"म्हणजे बाई, ही ज्वारी पांढरी आहे तीच मुळी त्या अडगळीमुळं?"

"कदाचित," त्या म्हणाल्या. शास्त्रज्ञ माणसं कदाचित हा शब्द खिशात घेऊनच फिरतात. "कदाचित तो इतकी वर्षं तिथं गप्प बसला होता आणि आता जागा झालाय. का, ते मला माहीत नाही."

अडगळ या शब्दाबद्दल मात्र मी तिथंच भांडलो. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. गावाच्या कडेला ठेवलेल्या माणसांचा काय उपयोग हे ठरवणारे लोक मी लहानपणी पुष्कळ पाहिलेत. त्यामुळं कुणी कशालाही निरुपयोगी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. बाई हसल्या. म्हणाल्या, "रागावू नका. उपयोग नाही असं म्हणणारेही घाईत आहेत आणि सगळ्याचा उपयोग आहे असं म्हणणारेही. कांद्याच्या पेशीत माणसापेक्षा कितीतरी जास्त डीएनए आहे. कांदा काय तुमच्यापेक्षा हुशार आहे?" मी म्हणालो, आमच्या गावच्या त्या काकांना विचारलं तर ते होय म्हणतील.

पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, सिद्रामप्पांचं नाव. बाईंनी उपाय सांगितला. एका पट्ट्याच्या कणसाचं बी सिद्रामप्पांच्याच रानात वेगळ्या ओळींत पेरायचं. कणसं पोटरीतून, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या गुंडाळीतून, बाहेर पडली, की फुलण्याआधी त्यांच्यावर कागदी पिशव्या चढवायच्या, दोऱ्यानं बांधून त्यावर सही करायची. पिकलं की खात्याचे अधिकारी बोलवायचे, गावासमोर पिशव्या फोडायच्या. पिशवीत वारा जात नाही. आत पुन्हा तीन रंग निघाले तर काशिनाथचं म्हणणं संपलं आणि सिद्रामप्पांवरचा डाग गेला. खरं सांगायचं तर सालीच्या रंगासाठी पिशवीची गरजच नव्हती. ती गावाच्या तोंडासाठी होती. आणि बाईंना पुढच्या पिढीचं शुद्ध बी हवं होतं, त्यांच्या संशोधनासाठी.

पुढच्या रब्बीत आम्ही तसंच केलं. सिद्रामप्पांच्या घरी त्या वर्षी पेरणीला एकही टोपली आली नव्हती. त्यांनी त्या ओळी लेकरासारख्या सांभाळल्या. पोटऱ्या फुटल्या तसा मी सायकलीवरून जाऊन एकेक कणीस खाकी पिशवीत बंद केलं, दोरा आवळला, पेन्सिलीनं सही ठोकली. रस्त्यानं जाणारे विचारत, "ज्वारीला टोप्या कामून घालायलाव, सायेब? थंडी वाजायलीय काय तिला?"

मग आली येळवस. आमच्या बिदर, गुलबर्गा, लातूर भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला हा सण असतो. सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी म्हणजे पालेभाज्या-दाण्यांची एकत्र भाजी, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आंबील आणि हुरडा. ज्याला बोलावलं त्यानं जायचं, भांडण असलं तरी जायचं. येळवसचं बोलावणं कुणी मोडत नाही. त्या वर्षी अमावस्या उशिरा आली होती, थंडी कडक होती, ज्वारीचे दाणे भरून आले होते. सिद्रामप्पांनी अगदी आठवणीनं सगळ्यांना बोलावलं, काशिनाथलाही. आणि मलाही.

मी गेलो तेव्हा सिद्रामप्पा गाडी जुंपून आळंदकडून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला गेले होते. काशिनाथ आणि त्याच्या गावची माणसं एका बाजूला, कोपीपासून जरा लांब, उकिडवी बसली होती. अव्वा उठून पुढं आली आणि माझा हात धरला.

"बसा की अप्पा. हितं बसा, कोपीम्होरं."

मी जरा अवघडलो. माझे आजोबा अशा कोपीच्या बाहेर उभे राहून ओंजळीत आंबील घेत. अव्वानं मला घोंगडीवर बसवलं, भज्जी वाढली, आणि म्हणाली, "तुमच्यासाठी खास हुरडा काढलाय. पयला घास तुमचा." आगटीतून निखाऱ्यातलं गरम कणीस काढून गड्यानं हातावर चोळलं आणि दाणे माझ्या ओंजळीत टाकले. शेंगदाण्याची चटणी बरोबर. दाणे जरा निबर झाले होते, पण गोडी काय सांगू! मी तोंड भरून खात होतो, वा वा म्हणत होतो. दुसरी ओंजळ आली. तीही खाल्ली.

आणि मग वाऱ्यानं माझ्या पायाशी एक खाकी कागद उडत आला. त्याच्यावर माझी सही होती.

मी आगटीकडं पाहिलं. शेजारी फाटलेल्या पिशव्यांचा ढीग होता. निखाऱ्यात माझी कणसं भाजत होती.

"अव्वा!" मी तो कागद उचलून तिच्यापुढं धरला. "पिशवीतली कणसं..."

"व्हय की," ती खूश होऊन म्हणाली. "तुमीच झाकून ठिवलाव न्हवं? झाकलेलं पाव्हण्याचं असतंय. मी सिद्रामला म्हटलं बी न्हाई, सगळी काढायला लावले."

आमच्याकडं खरंच तसं असतं. घरात एखादी चांगली वस्तू झाकून ठेवली की ती पाहुण्याची, घरच्यांनी हात लावायचा नाही. अव्वानं इतके दिवस त्या झाकलेल्या कणसांकडं कुणाला फिरकू दिलं नव्हतं, आणि पाहुणा आल्यावर रीतीप्रमाणं ती त्याच्यापुढं ठेवली होती. तिच्यावर रागावणार कसा? माझ्या घराण्यात असा पहिला घास कुणाला मिळाला नव्हता, आणि मला मिळाला तो माझ्याच पुराव्याचा. मला हसावं की रडावं कळेना, आणि डोळ्यांत दोन्ही एकदम आलं.

तेवढ्यात सिद्रामप्पांची गाडी आली. त्यांनी पिशव्या पाहिल्या, आगटी पाहिली, आणि बैलांचे कासरे हातात तसेच धरून खाली बसले. "संपलं सायेब," एवढंच म्हणाले. पाहुणे गाडीतून उतरायचं विसरले.

मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी कुणीतरी बोललं.

"ये, हे बघ की!"

तो काशिनाथ होता. त्यालाही हुरडा दिला होता. त्यानं चोळलेले दाणे तोंडात टाकले नव्हते, तळहात पसरून तो बघत होता. आमच्याकडं येऊन त्यानं हात पुढं केला. त्याच्या तळहातावर पांढरे दाणे होते, रेघांचे होते, आणि दोन-तीन अगदी तांबडे.

"हे एकाच कणसाचं हाय काय?" त्यानं गड्याला विचारलं.

"एकाच की. तुमच्यासमोर चोळलो न्हवं."

मी ताडकन उठलो. "पिशवी असलेलं एखादं राहिलंय का? कच्चं?" गड्यानं ढिगाच्या खालून एक काढलं. अजून बांधलेलं, माझ्या सहीचं. मी ते काशिनाथच्या हातात दिलं. "तुम्ही सोडा. मी हात लावत नाही."

त्यानं दोरा निरखला. पिशवी उन्हाकडं धरून कुठं भोक आहे का ते पाहिलं. मग गाठ सोडली. आत पांढरं कणीस, त्याच्यावर तांबड्या रेघा, आणि एका अंगाला लालभडक फांदी. त्यानं एक दाणा नखानं खरवडला, रंग लावलाय की काय म्हणून. रंग गेला नाही. भोवती चाळीस-पन्नास माणसं गोळा झाली होती, ज्या गावांनी टोपल्या आणणं बंद केलं होतं त्याच गावांची. मागची टाचा उंचावून बघत होती.

"पिशवीत वारं कुठनं शिरलं?" काशिनाथनं स्वतःलाच विचारलं.

मग मी बोललो. अरे, काय बोललो! आगटीतली काटकी घेऊन मातीत रेघ ओढली, चौकोन काढला, तुकडा बसवला, उठवला, पुन्हा बसवला. मराठीत बोललो, मध्येच कन्नडमध्ये गेलो, डीएनए हा शब्द बोललो आणि तो कुणाला कळला नाही म्हणून पुन्हा बोललो. लाल रंग आतच होता, म्हणालो, पहिल्यापासून, या मालदांडीच्या पोटात. एक बिनकामाचा तुकडा त्याच्यावर बसून होता म्हणून तो दिसला नाही. आता तो तुकडा उठायला लागलाय. सिद्रामप्पांनी काही मिसळलेलं नाही, शेजारी काही लावलेलं नाही, हे झाडाचं आपलंआपण चाललंय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग त्या तुकड्याचं काम काय?" मी म्हणालो, बाबा, मोठे मोठे लोक त्यावर भांडायलेत. तो म्हणाला, "भांडू द्या," आणि आंबील प्यायला.

ते शेवटचं कणीस हातोहात फिरायला लागलं. प्रत्येकानं ते पाहिलं, प्रत्येकानं एक फांदी चोळून खात्री करून घेतली आणि दाणे तोंडात टाकले. माझ्याकडं परत आलं तेव्हा त्याच्यावर एक दाणा नव्हता.

कापणीला खात्याचे अधिकारी आले. दाखवायला काहीच नव्हतं. मी सगळी हकिकत सांगितली तेव्हा साहेब म्हणाले, "सूर्यवंशी, पुरावा पोटात आहे असं मी वर कळवू का?" शेत पुन्हा नापास झालं. सुमित्राबाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या आधी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि मग तो पुन्हा चढवला. "शास्त्राला साक्षीदार चालत नाहीत हो, नमुना लागतो," म्हणाल्या. त्यांच्या कपाटात मागल्या वर्षीचे थोडे दाणे उरले होते, ते पेरायच्या आधीच त्यांची बदली झाली आणि तो विषय तिथंच राहिला. त्या रानात पट्टे पुढं तुरळक येत गेले, आणि रीतीप्रमाणं मी ते उपटत गेलो. कितीतरी वर्षांनी वाचलं की परदेशात कुणीतरी पट्ट्याच्या ज्वारीतला तसाच उड्या मारणारा तुकडा पकडला. मला इतका आनंद झाला की शेजाऱ्यांना पेढे वाटले, आणि इतकं वाईट वाटलं की पेढा मला खाववला नाही. आजही कुणी म्हणतं की या अडगळीत जनुकं चालू-बंद करणाऱ्या कळा सापडल्या, कुणी म्हणतं की तरीही बराचसा भाग नुसता पडूनच आहे. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं असं मला वाटतं. मी फक्त एक तुकडा कामाला लागलेला पाहिलाय, आणि तो मी विसरणार नाही.

पण बाईंचं संशोधन हे माझं दुःख, सिद्रामप्पांचं नव्हे. त्यांचं काय झालं ते मला पुढच्या रब्बीच्या पेरणीच्या वेळी, हस्त नक्षत्र लागल्यावर कळलं. कडगंचीला दुसऱ्या एका तपासणीला निघालो होतो, वाटेत त्यांच्या घरावरून गेलो. खात्याचा नापास शेरा माझ्याच हातून गेला होता, त्यामुळं थांबावं की नाही या विचारात होतो. दारात तीन-चार बैलगाड्या सुटलेल्या दिसल्या म्हणून उतरलो.

ओट्यावर टोपल्या होत्या. सगळ्यांत पुढं काशिनाथ, आपल्या घरची ज्वारी ओतून रिकामी टोपली धरून उभा. माफी वगैरे त्यानं मागितली नाही, तो त्यातला नव्हेच. सिद्रामप्पा बियाच्या राशीपाशी बसले होते. त्यांनी माप भरलं, टोपलीवर धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

"काशिनाथ, खोटं सांगत न्हाई. हे बी पेरलास तर कुठं कुठं पट्टे निघतील. सायेब बी हितंच हायेत, विचार पायजे तर."

काशिनाथनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"निघू द्या की अप्पा," तो म्हणाला. "तुमच्या घरचं हाय न्हवं?"

सिद्रामप्पांनी माप ओतलं. दुसरं ओतलं. मान खाली घालून ते ओततच राहिले. टोपली शिगोशीग भरली, दाणे काठावरून ओट्यावर सांडायला लागले, काशिनाथ "पुरे अप्पा, पुरे की," म्हणत होता, आणि त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.